हाताची किंमत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाविषयी काहीतरी लिहा, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे राजेरजवाडे, लढाया आणि सनावळ्या, तो शिकलेल्या लोकांनी लिहावा, असे मला वाटे. पण त्याच सुमारास माझ्या थोरल्या जाऊबाईंना घेऊन मला अपंगत्वाच्या तपासणीसाठी बोर्डापुढे जावे लागले, आणि त्या एका दिवसामुळे माझ्या डोक्यात असे काही प्रश्न शिरले की त्यांच्या मागे लागून मी हिराचंद नेमचंद वाचनालयात चार दुपारी बसून आले. माझा एक भाचा वकिलीचा अभ्यास करतो, त्यालाही पुष्कळ छळले. त्यातून जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवते. यात लढाई एकच आहे, तीही लवकर संपेल.

थोरल्या जाऊबाईंना आम्ही सारे अक्का म्हणतो. वय अठ्ठावन्न. पंधरा वर्षांपूर्वी रॉकेलचा स्टोव्ह भडकला आणि त्यांचा उजवा हात भाजला. जखम भरली, पण भरताना कातडी आखडली. करंगळी, अनामिका आणि मधले बोट तळहाताकडे वळून बसली ती बसलीच. अंगठा आणि तर्जनी तेवढी हलतात. अक्का त्याआधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकत असत. ज्वारीची भाकरी थापायची म्हणजे सबंध पंजा उघडावा लागतो, हे आपल्या सोलापुरात कुणाला सांगायला नको. थोरले दीर गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर त्या भाकरीवरच चालत होते. पुढे अक्का डाव्या हाताने थापायला शिकल्या, उजव्या हाताची दोन बोटे कडेला लावून भाकरी फिरवायला शिकल्या. परंतु पूर्वी दिवसाला जेवढ्या होत त्याच्या निम्म्याही आता होत नाहीत.

संजय गांधी निराधार योजनेची रक्कम अपंगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा घरात सर्वांनी अक्कांना भरीस पाडले. एरवी त्या गेल्या नसत्या. दिवाळीनंतर ई-सेवा केंद्रातून अर्ज भरला, तारीख आली आणि आम्ही दोघी निघालो.

आदल्या दिवशी वाड्यातल्या बायका येऊन गेल्या. प्रत्येकीचा सल्ला एकच. "अक्का, तिथे काही उचलू नका. पेला धरा म्हटले तर धरू नका. नाही येत म्हणून सांगा." अक्का गप्प ऐकत होत्या. सगळ्या गेल्यावर मला म्हणाल्या, "पंधरा वर्षं येतंय येतंय म्हणून दाखवलं. आता येत नाही म्हणून दाखवायचं होय?"

बोर्डापुढे काय झाले ते सांगण्याआधी थोडे मागे जाते. सरकारने माणसाचे अंग बघायचे आणि त्यावर पैसे ठरवायचे, ही रीत कधीची, असा प्रश्न मला त्या बाकावर बसल्या बसल्या पडला होता.

आपल्या मुलखातला सर्वांत जुना दाखला मला सभासदाच्या बखरीत मिळाला. कृष्णाजी अनंत सभासद याने ती १६९७ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचा पाडाव झाला, त्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांची कशी व्यवस्था लावली ते त्यात आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन चालू केले. आणि जे जखमी झाले त्यांना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले, ते ज्याची त्याची जखम बघून. म्हणजे तिथेही कुणीतरी बघणारा होता आणि कुणीतरी आपली जखम उघडी करून समोर उभा होता. दोनशेचा घाव कोणता आणि शंभराचा कोणता हे कसे ठरवले, ते मात्र बखरीत दिलेले नाही. आम्हा बायकांच्या दृष्टीने त्या पानावरची मोठी गोष्ट निमे वेतनाची. विधवेला दारोदार हिंडायला लागू नये हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

यानंतर मी एकदम गिरण्यांच्या काळात येते, कारण आपल्या गावाचा संबंध तिथून सुरू होतो. १८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या आल्या आणि गावाचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. यंत्रे आली तसे त्यात बोटे, हात जाऊ लागले. सुरुवातीला त्याची भरपाई द्यावी असा कायदाच नव्हता. मालकाने खुशीने काही दिले तर दिले. जर्मनीत कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा १८८४ साली झाला, इंग्लंडात भरपाईचा कायदा १८९७ साली. आपल्याकडे तो १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. भाच्याने तो मला काढून दाखवला आणि मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले. माणसाच्या शरीराचा बाजारभाव लिहिलेला असावा तसा तो तक्ता. उजवा हात कोपरापाशी किंवा त्याच्या वर तुटला तर शंभरातले ७०, डावा तसाच तुटला तर ६०. कोपराच्या खाली उजवा ६०, डावा ५०. पाय गुडघ्यापाशी किंवा वर ६०, खाली ५०. दोन्ही कान कायमचे गेले तर ५०. एक डोळा ३०. हाताचा अंगठा २५. अंगठ्याचे एकच पेर गेले तर १०. तर्जनी १०, बाकीचे कुठलेही बोट ५. शंभर टक्के म्हणजे माणूस कायमचा पुरता निकामी झाला तर त्याला बेचाळीस महिन्यांचा पगार, पण साडेतीन हजार रुपयांच्या वर नाही. त्या हिशेबाने अख्ख्या अंगठ्याचा साडेदहा महिन्यांचा पगार होतो आणि एका पेराचा चार महिन्यांचा, वर थोडे दिवस. उजव्या हाताला डाव्यापेक्षा दहा टक्के जास्त. एखादा कामगार डावरा असला तर त्याने काय करायचे, याचे उत्तर तक्त्यात नव्हते.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझे आईकडचे आजोबा इथल्याच एका गिरणीत कामाला होते. १९५४ च्या सुमारास यंत्राच्या पट्ट्यात त्यांचा डावा अंगठा सापडला. गिरणीचे नाव घेत नाही, आता तिचा भोंगाही राहिला नाही. मी लहान असताना आजोबा तो अर्धवट अंगठा दाखवून म्हणत, "डॉक्टर म्हणाला दहा. मी म्हटलं, पंचवीस. तो म्हणाला दहा." आम्हा पोरांना वाटे, दहा रुपये. आईलाही तसेच वाटे. दहा रुपयांवर आजोबा इतकी वर्षे का धुसफुसतात, याचे सगळ्यांना हसू यायचे. आजोबा गेले, त्यानंतर आईही गेली. तो तक्ता बघितला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की ते दहा रुपये नव्हते, दहा टक्के होते. अंगठा सांध्यावर तुटला की सांध्याच्या खाली, एवढाच प्रश्न होता. वरचे पेर तर गेलेच होते आणि खालच्यातलेही निम्मे गेले होते. डॉक्टरने एक पेर धरले. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण कुणीतरी त्यांना पंचवीसचा आकडा सांगितला होता आणि तो बरोबर होता, किंवा निदान भांडण्याजोगा होता.

त्यातली आणखी एक गोष्ट आई सांगायची. पैसे देताना पावतीवर अंगठा घ्यायची वेळ आली. पुरुषाचा डावा अंगठा घेण्याची रीत. कारकुनाने सवयीने "डावा हात" म्हटले आणि आजोबांनी तो पुढे केला. मग उजवा घेतला.

तो तक्ता १९६२ च्या सुधारणेत बदलला. त्यानंतर त्यात उजवा-डावा असा भेद राहिला नाही आणि अंगठ्याला ३० टक्के झाले. कायद्याचे नावही २००९ मध्ये बदलले. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा आला आणि विम्यातल्या कामगाराचे अपंगत्व ठरवायला वैद्यकीय बोर्ड असावे असे ठरले. बोर्ड हा शब्द आपल्या गिरणगावात तेव्हापासून घरोघर झाला असावा.

परंतु या सगळ्या कायद्यांचा पहिला प्रश्न एकच होता: अंग कुठे गेले? काम करताना, कामामुळे गेले तर पैसे. घरी गेले तर काही नाही. आता भगिनींनी मला सांगावे, बायकांचे हात कुठे जातात? चुलीपाशी, स्टोव्हपाशी, उखळापाशी, विहिरीवर. आपल्या गावात हजारो बायका विड्या वळतात. घरी बसून पाने कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि माल कारखान्यात नेऊन द्यायचा. त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला १९६६ साल उजाडले. कडक भाकरी विकणारीला तर मालकच नाही. अक्कांचा हात धंद्यात गेला म्हणावे तर तो धंदा कुठल्या कागदावर नव्हता. घरात गेला म्हणावे तर घरकामाला कुणी काम म्हणत नाही.

सरकारला अशा माणसांची नुसती मोजदाद हवी होती, ती मात्र फार आधीपासून. इंग्रजांनी १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी मोजले. मग ते बंद पडले. स्वतंत्र भारतात १९८१ ला एकदा मोजले, १९९१ ला सोडून दिले, २००१ पासून पुन्हा धरले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग निघाले. मोजले म्हणून कुणाच्या घरी काही आले असे नाही.

खरा फरक १९८० नंतर पडला. त्या वर्षी राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. १९९५ साली दिल्लीत अपंगांचा कायदा झाला, तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या नव्या कायद्यात ती एकवीस झाली. अपंगत्व चाळीस टक्के भरले की सवलती, ही रेघ १९९५ लाही होती आणि नंतरही राहिली. मधल्या काळात अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग आला. अक्का स्वतःला यातले काहीच म्हणत नाहीत, त्या म्हणतात "माझा हात आखडलाय".

या नव्या कायद्यांनी जुना प्रश्न टाकून दिला. अंग कुठे गेले, कुणाच्या चाकरीत गेले, हे आता कुणी विचारत नाही. काय उरले आहे आणि त्याने काय करता येते, एवढेच बघतात. अक्कांसारखीला बोर्डाच्या दारात जाता आले ते यामुळे. हे मला फार मोठे वाटते, पुढे जे झाले ते धरूनसुद्धा.

आम्ही सकाळी साडेआठला पोचलो. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. केसपेपर काढला, आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो, जुन्या उपचाराचे कागद असे सगळे पिशवीत होते. बाकावर पोलिओचा एक तरुण, काठी घेतलेले एक आजोबा, मूल मांडीवर घेतलेली एक बाई. ते मूल मान धरत नव्हते. ती बाई पंढरपूरकडून पहाटेच्या एस.टी.ने आली होती. बोलता बोलता म्हणाली, बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच, पण कार्ड झाले तर मुलाचे पाऊण भाडे माफ होईल. अक्कांनी डब्यातली भाकरी काढून तिला दिली. दीड वाजता आमचा पुकारा झाला.

डॉक्टर तरुण होते, बोलायला नीट होते. त्यांनी बोटे किती सरळ होतात ते कोनमापकासारख्या पट्टीने मोजले. किल्ली धरायला सांगितली. अंगठा आणि तर्जनीत अक्कांनी ती घट्ट धरली. पिशवी बोटांत अडकवून उचलायला सांगितली. बोटे आधीच वळलेली, पिशवी छान अडकली! माझ्या पोटात धस्स झाले. मग कामे विचारली. ही कामे कोणती ते मी नंतर नियमावलीत बघितले. हाताची दहा कामे आहेत, प्रत्येकाला नऊ टक्के. वरची वस्तू काढणे, नाकाला हात लावणे, हाताने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, सदरा घालणे, तांब्याने स्वच्छता करणे, पेल्याने पाणी पिणे, गुंड्या लावणे, नाडी बांधणे, लिहिणे. वेणी त्या यादीत आहे हे वाचून मला बरे वाटले. तक्ता करताना कुणाच्या तरी डोळ्यांपुढे बाई आली होती. भाकरी थापणे मात्र त्यात नाही.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, वेणी घालता येते?"

अक्कांनी माझ्याकडे बघितले नाही. अंबाडा सोडला आणि डाव्या हाताने पेड धरून, मधला पेड दातात धरून, उजव्या दोन बोटांनी फिरवत फिरवत वेणी घातली. पंधरा वर्षे रोज घालतात तशी. खोलीतली नर्स बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, "दात वापरायचे नाहीत, मावशी. फक्त हाताने." अक्का म्हणाल्या, "मग कशी येणार?" त्यांनी काहीतरी लिहिले.

बाहेर आल्यावर मी रागावले, हे इथे कबूल करते. थोरल्या जावेला बोलू नये ते बोलले. "तुम्हाला काय गरज होती सगळं करून दाखवायची?" अक्का म्हणाल्या, "खोटं बोलून पाच पैसे मिळाले तर ते भाकरीला लागतात का? आणि त्यांनी विचारलं म्हणून दाखवलं." रिक्षात आम्ही बोललो नाही.

काही आठवड्यांनी दाखला आला. ३७ टक्के. चाळीसच्या खाली म्हणून कार्ड पांढरे. चाळीसपासून पिवळे, ऐंशीपासून निळे. पांढऱ्या कार्डावर निराधार योजना नाही, एस.टी.ची सवलतही नाही. अक्कांनी कार्ड देव्हाऱ्यामागे ठेवले आणि ज्वारी निवडायला बसल्या.

मला आजोबांचे दहा आणि पंचवीस आठवत होते. म्हणून मी भाच्याला बोलावून ती नियमावली पुन्हा वाचायला लावली. टक्क्यांची बेरीज आपल्या हिशेबासारखी होत नाही. एका भागाचे तीस आणि दुसऱ्याचे तीस मिळून साठ धरत नाहीत. पहिले तीस नव्वदातून वजा करायचे, उरले साठ. त्यांना दुसऱ्या तिसाने गुणून नव्वदाने भागायचे, आले वीस. तीस आणि वीस पन्नास. हे सातवीच्या गणितात बसते, मी दोनदा करून बघितले. पण त्याच पानावर पुढे आणखी एक ओळ सापडली. दुखणे, आखडलेली कातडी, वाकडेपणा अशा गोष्टींसाठी बोर्डाला वाढीव टक्के देता येतात, सगळे मिळून दहापर्यंत. त्यात, माणूस ज्या हाताने मुख्य काम करतो तो हात अधू असेल तर चार टक्के. १९२३ च्या तक्त्यात उजव्या हाताला दहा टक्के जास्त होते, आता चार आहेत, आणि आता डावऱ्या माणसाचा डावा हातही त्यात बसतो.

अक्का उजव्या. सदतीस आणि चार एक्केचाळीस. ते चार टक्के सदतीसात आधीच धरले आहेत की राहून गेले आहेत, हे दाखल्यावरून कळत नाही. बोर्डापुढे तुमचा कामाचा हात कोणता, असे विचारलेले मला तरी आठवत नाही. अक्कांनाही आठवत नाही. वेणी घालताना डावा हात इतका सफाईने चालत होता की कुणालाही त्या डावऱ्या वाटल्या असत्या.

दाखला मान्य नसेल तर अपील करण्याची सोय २०१६ च्या कायद्यातच आहे. अक्का आधी तयार नव्हत्या. मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली, अंगठ्याची आणि पावतीची. त्या पावतीच्या गोष्टीला हसल्या. मग म्हणाल्या, "पण मी पुन्हा वेणी घालीन हं."

अर्ज दिला आहे, त्यात चार टक्क्यांची ओळ लाल शाईने लिहून दिली आहे. तारीख अजून आलेली नाही. आपल्या मंडळातल्या किंवा शेजारपाजारच्या कुणाला बोर्डापुढे जायचे असेल तर मला निरोप द्यावा, मी बरोबर येईन. जुन्या उपचाराचे सगळे कागद सांभाळून ठेवावेत, जेवणाचा डबा न्यावा, आणि कामाचा हात कोणता ते त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.